आडवी रेषा, तिरकी रेषा: एका प्रेमकादंबरीच्या कामाच्या नोंदी

९ जून २०२५

आज शब्द मोजले. २२ प्रकरणं, साधारण ३१,००० शब्द. गेले दहा दिवस एक ओळही पुढे सरकलेली नाही, म्हणून ही वही सुरू करतेय. कादंबरीची वही वेगळी, ही कामाची.

मी आराखडा करून लिहीत नाही. दोन माणसं डोळ्यांसमोर येतात, कुठेतरी भेटतात आणि पुढे त्यांचं काय होतं हे बघायला मी लिहिते. २०२१ साली एकदा प्रकरणवार आराखडा करून पाहिला होता, चाळीस ओळींत सगळी गोष्ट. तो पुरा झाला आणि लिहायची ओढच संपली. दुसरीकडे, आराखड्याशिवाय लिहायला घेतलेल्या दोन कादंबऱ्या तीस ते चाळीस हजार शब्दांच्या दरम्यान थांबल्या त्या थांबल्याच. आता मी पुन्हा त्याच जागी उभी आहे.

ही गोष्ट मला सोडायची नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या केमची तेजश्री पुण्यातली नोकरी सोडून परत आलीय, कारण वडिलांना अर्धांगवायू झाला आणि घरचा कुंकवाचा कारखाना बंद पडायला आला. भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर दत्ता होडी चालवतो, हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला येणाऱ्यांना पाण्यावर फिरवतो. त्याच्या आजोबांची जमीन त्याच पाण्याखाली आहे. दोघं पहिल्यांदा भेटतात संध्याकाळच्या पॅसेंजरमध्ये, गाडी दौंड-सोलापूर मार्गावरच्या जेऊरला चाळीस मिनिटं खोळंबलेली असताना. हे सगळं माझ्याकडे आपोआप आलं. पुढचं येत नाहीये.

ठरवलंय ते एवढंच: आराखडा लिहायचा नाही, पण जे लिहून झालंय ते डोळ्यांना दिसेल असं मांडायचं. शब्द वाचून मला गोष्टीचा आकार कळत नाही. चित्रावरून कळेल का, ते बघायचं.

११ जून

बैठकीच्या खोलीतली मोठी भिंत रिकामी केली. एका प्रसंगाला एक चिकटचिठ्ठी. गुलाबी म्हणजे तेजश्रीच्या नजरेतून, निळी दत्ताच्या, पिवळी दोघं एकत्र असतील तिथे. चिठ्ठीवर फक्त एक क्रियापद आणि एक वस्तू: ‘डबा विसरते’, ‘वल्हं देतो’, ‘फोन उचलत नाही’. पूर्ण वाक्य लिहिलं की भिंतीवरही मी कादंबरीच लिहायला लागते.

५८ चिठ्ठ्या झाल्या. खोलीच्या दारात उभं राहून बघितलं तेव्हा पहिली गोष्ट कळली ती रंगांवरून. सुरुवातीला गुलाबी-निळं-पिवळं छान मिसळलेलं आहे. नवव्या प्रकरणापासून गुलाबीच गुलाबी. दत्ताच्या नजरेतून सलग तेरा प्रसंग काही नाही. लिहिताना हे मला एकदाही जाणवलं नव्हतं.

या चिठ्ठ्यांचा डिंकही असाच न ठरवता सापडलेला. थ्री-एम कंपनीतल्या स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ साली घट्ट चिकटणारा पदार्थ हवा होता आणि हाती लागला तो हलकासा धरणारा, सहज सुटणारा. त्याचा उपयोग काय हे कळून अमेरिकेत सगळीकडे विक्री सुरू व्हायला १९८० उजाडलं. आज दिवसभर ते डोक्यात राहिलं.

१४ जून

पाऊस. भिंतीला ओल आलीय. सकाळी उठले तर एकवीस चिठ्ठ्या जमिनीवर, कुठली कुठे होती काही पत्ता नाही.

उरलेल्या काढून घेतल्या आणि सगळं जाड पत्त्यांवर उतरवून काढलं. कादंबरीकार नाबोकोव्ह असेच पत्ते वापरायचे. कुठलाही प्रसंग कधीही लिहायचा आणि क्रम नंतर लावायचा. मला ते जमणार नाही, मला क्रमानेच लिहावं लागतं, कारण दत्ता कालच्या प्रसंगात काय बोलला यावर आज तेजश्री काय करते हे ठरतं. पण पडलेल्या एकवीसांपैकी पाच चिठ्ठ्या मला कुठे लावायच्या हेच आठवेना. त्या पाचही प्रसंगांची जागा बदलली तरी गोष्टीत काही फरक पडत नव्हता. त्या पाचांवर खूण करून ठेवलीय.

२० जून

फ्रायटागचा त्रिकोण काढून पाहिला. गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ साली नाटकाच्या रचनेवर लिहिताना मांडलेली पाच टप्प्यांची आकृती: सुरुवात, चढण, शिखर, उतार, शेवट. लेखनाच्या जवळपास प्रत्येक कार्यशाळेत ती फळ्यावर येते. माझ्या प्रकरणांना तिच्यात बसवायला दोन संध्याकाळी घालवल्या.

नाही बसत. ती आकृती एका डोंगराची आहे, आणि फ्रायटागच्या डोळ्यांसमोर मुख्यतः शोकांतिका होत्या. प्रेमकथेत एक माणूस डोंगर चढत नाही. दोन माणसं असतात, त्यांचे वेग वेगळे असतात, आणि गोष्ट असते ती त्यांच्यातल्या अंतरात. एका रेषेने हे दाखवताच येत नाही.

दुसरं असं की प्रेमकादंबरीत शेवट गुपित नसतोच. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेची या प्रकाराची व्याख्या दोनच गोष्टी मागते: मध्यवर्ती प्रेमकथा आणि मनाला समाधान देणारा, आशेचा शेवट. वाचक शेवट ठाऊक असूनच पुस्तक उघडतो. मग माझ्यासारखीला अज्ञात काय ठेवायचं? फक्त वाट. मुक्काम ठाऊक आणि वाट न ठाऊक, अशा प्रवासाचं चित्र मला हवंय.

२८ जून, सोलापूर

बाबांकडे आले. आजचं सगळं लिहून ठेवते, एकही शब्द गाळायचा नाही.

बाबा रेल्वेत होते. आधी छोट्या स्टेशनांवर असिस्टंट स्टेशन मास्तर, मग बरीच वर्षं सोलापूरला सेक्शन कंट्रोलर. लहानपणी मला एवढंच माहीत होतं की ते गाड्या ‘चालवतात’, पण इंजिनात बसून नाही, खोलीत बसून. आज जेवताना पहिल्या प्रकरणाचं सांगितलं: पॅसेंजर जेऊरला चाळीस मिनिटं थांबते, दोघं फलाटावर उतरतात, ती त्याला पाण्याची बाटली देते. बाबांनी घास हातात धरूनच विचारलं, “कुठल्या गाडीचं क्रॉसिंग?”

मला ठाऊक नव्हतं. मी नुसती गाडी थांबवली होती.

“असं नाही थांबत पोरी. चाळीस मिनिटं उभी आहे म्हणजे समोरून कोणीतरी येतंय. आणि हे कधीचं? आता तिथे दुहेरी लाइन झाली. क्रॉसिंगसाठी थांबायचे ते दिवस गेले.”

मग हात धुऊन त्यांनी जुन्या ट्रंकेतून एक गुंडाळी काढली. कंट्रोल चार्ट. मी तो आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितला. आडव्या बाजूला वेळ, बारीक उभ्या रेघांनी तासांचे तुकडे केलेले. उभ्या बाजूला स्टेशनं, एकाखाली एक, एकमेकांपासून जितकी लांब तितकं अंतर सोडून. प्रत्येक गाडी म्हणजे एक रेषा. दौंडकडून येणारी एका बाजूला कललेली, सोलापूरकडून जाणारी दुसऱ्या बाजूला. तिरकी रेषा म्हणजे गाडी धावतेय. जितकी उभट, तितकी वेगात. आडवी रेषा म्हणजे वेळ जातोय पण जागा बदलत नाही, गाडी उभी आहे. आणि एकेरी लाइनवर दोन रेषा एकमेकींना छेदायच्या तर त्या स्टेशनातच छेदायला हव्यात. एकीला बाजूच्या लूपवर घ्यायचं, दुसरीला जाऊ द्यायचं.

“म्हणजे दरवेळी कोणीतरी एकाने थांबायचं,” मी म्हटलं.

“दरवेळी. कोणी थांबायचं हे ठरवणं म्हणजेच माझी नोकरी.”

मग मी तो प्रश्न विचारला ज्यासाठी बहुतेक मी सोलापूरला आले होते. या रेषा आधी काढायच्या की नंतर? बाबांनी हातानेच दाखवलं. कानाला फोन, उजव्या हातात टोक केलेली पेन्सिल, डाव्या हाताखाली पट्टी. स्टेशन मास्तर सांगणार, “अमुक गाडी सुटली, चौदा बावीस.” मग त्या वेळेपर्यंत रेषा ओढायची. गाडी पोचल्याची खबर आल्याशिवाय पक्की रेषा नाही. पुढे काय होईल याचा अंदाज कंट्रोलर बांधतोच, क्रॉसिंग कुठे पडेल ते हलक्या हाताने खूण करून ठेवतो. पण ती खूण खोडायची तयारी ठेवून. सहा तासांच्या पाळीत कितीदा तरी ती खोडावी लागते. बाबा हे बोलत असताना त्यांचं बोट हवेत पट्टीच्या कडेने सरकत होतं.

वेळापत्रक वेगळं आणि चार्ट वेगळा. वेळापत्रक आधी छापलेलं असतं. चार्ट गाडीच्या मागून चालतो. मला आजपर्यंत ज्यांनी आराखडा कर म्हणून सांगितलं ते सगळे वेळापत्रक कर म्हणत होते. मला चार्ट हवा होता.

२९ जून, सोलापूर

पहिला चार्ट काढला. दोन ड्रॉइंग पेपर शेजारी शेजारी चिकटवून.

आडवी बाजू: काळ. पण प्रकरणांचे आकडे नाहीत, गोष्टीतले खरे आठवडे.

उभी बाजू: इथे खूप खाडाखोड झाली. आधी मी ‘ओळख, विश्वास, ओढ, कबुली’ अशा पायऱ्या लिहिल्या होत्या. बाबा बघून म्हणाले, “ही स्टेशनं नाहीत, ही तर बिरुदं झाली.” पुसलं आणि खरीच स्टेशनं लिहिली. वर केम, मग भाळवणी, मधे जेऊर, पारेवाडी, तळाशी भिगवण. केम म्हणजे तेजश्रीचं जग: कारखाना, आजारी वडील, भाऊबंदांचा वाद, लाल झालेले तळहात. भिगवण म्हणजे दत्ताचं जग: पाणी, होडी, बुडालेली जमीन, आई. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एकच प्रश्न विचारायचा: या क्षणी हा माणूस आपलं जग सोडून दुसऱ्याच्या जगात किती आत आला आहे? तिथे ठिपका. ठिपके जोडायचे. तेजश्रीची रेषा लाल पेन्सिलीने, दत्ताची निळ्या.

नकाशावर ती केममध्येच असेल, तरी तिने दत्ताला वडिलांच्या कर्जाबद्दल सांगितलं की तिचा ठिपका भाळवणीला उतरतो. उलट ती भिगवणला होडीत बसलीय पण सारखी फोनवर कारखान्याचं बोलतेय, तर ठिपका केमलाच.

असा आलेख रेल्वेत फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकातला पॅरिस ते ल्यों गाड्यांचा आलेख आजही आलेखांच्या अभ्यासात दाखवला जातो. एका कागदावर सगळ्या गाड्या आणि त्यांच्या सगळ्या भेटी.

३ जुलै

पुण्यात परत. चार्ट भिंतीवर, या वेळी टाचण्यांनी.

दोन गोष्टी इतक्या ठळक दिसतात की डोळे मिटले तरी दिसतात.

एक: नवव्या प्रकरणापासून पंधराव्यापर्यंत दोन्ही रेषा सपाट आडव्या. सात प्रकरणं दोन्ही गाड्या उभ्या. लिहिताना त्या प्रकरणांत भरपूर काही घडत होतं. गावची जत्रा आहे, चुलतभावाचं लग्न आहे, एक वादळ आहे. वादळ मी मन लावून लिहिलंय. पण वादळाआधी दोघं जिथे होते तिथेच वादळानंतर.

दोन: जेऊरची पहिली भेट सोडली तर रेषा जिथे जिथे भेटतात त्या सगळ्या जागा वर, केममध्ये. दरवेळी दत्ताच चालून गेलाय. निळी रेषा तळापासून वरपर्यंत चढते, थकते, खाली येते, पुन्हा चढते. लाल रेषा वरच्या कडेला चिकटून बसलेली. तेजश्री जेऊरच्या पुढे एकदाही आलेली नाही.

आमच्या वहिनी माझं लिखाण सगळ्यात आधी वाचतात. त्यांनी मेमध्येच सांगितलं होतं, “मुलगी चांगली आहे गं, पण तिच्यावर जीव जडत नाही.” मी तेव्हा तेजश्रीला आणखी चांगली करायला गेले. दोन प्रसंगांत तिला गरिबांना मदत करायला लावली. आज कळलं की खोट तिच्या चांगुलपणात नव्हतीच. ती एकदाही कोणासाठी हलली नव्हती.

४ जुलै

बाबांना फोन. गाडी उभी राहिली की चार्टवर अजून काय करायचे? म्हणाले, “कारण लिहायचं. किती मिनिटं आणि का. सिग्नल नव्हता, क्रॉसिंग होतं, इंजिन बिघडलं. कारणाशिवाय खोळंबा दाखवला तर साहेब बोलावून घ्यायचे.”

म्हणून सात सपाट प्रकरणांखाली प्रत्येकी एक ओळ कारण लिहायला बसले.

नऊ: वडिलांचा दवाखाना. हे खरं कारण आहे.
दहा: कारण नाही.
अकरा: कारण नाही.
बारा: तिला कळतं की दत्ताने आधीच्या सोयरिकीबद्दल सांगितलं नव्हतं. खरं कारण, पण मी ते एका परिच्छेदात गुंडाळलंय.
तेरा, चौदा: जत्रा आणि लग्न. नाही.
पंधरा: वादळ. नाही.

दहा, अकरा, तेरा, चौदा काढले. वादळ ठेवलंय, पण त्यात दत्ताच्या बाजूने काय झालं ते लिहायचं आहे. १४ जूनला खूण केलेल्या पाच प्रसंगांपैकी चार या काढलेल्या प्रकरणांतलेच निघाले. ७,४०० शब्द गेले. कापताना हात अडला नाही.

१२ जुलै

बारावं प्रकरण नव्याने लिहिलं, दत्ताच्या नजरेतून. पहाटे साडेपाचला तो होडीतलं पाणी डब्याने उपसतोय, तेवढ्यात तिचा फोन येतो, आणि तो उचलत नाही. उपसत राहतो. होडी केव्हाच कोरडी झालेली असते. ३,१०० शब्द एका बैठकीत. चार्ट बघून नाही लिहिलं, त्याच्याकडे पाठ होती. पण इथे दत्ताने थांबायचं नाही, नुसतं मागेही जायचं नाही, एवढं मला दिसलेलं होतं.

१९ जुलै

नियम आता पक्के झालेत, लिहून ठेवते.

लिहून झाल्यावरच शाईची रेषा. दिवसाचं काम संपलं की त्या दिवसाच्या प्रकरणाचा ठिपका, जोडणी आणि रेषा आडवी असेल तर कारण.

पुढच्या बाजूला पेन्सिल, आणि फक्त पुढच्या दोन भेटींपुरती. दोनच. त्यापुढे कागद कोरा. एकदा मोहाने मी चार भेटी पुढे खुणावल्या आणि दुसऱ्या दिवशी तीच जुनी भावना आली, सगळं कळल्याची, टेबलाशी बसावंसं न वाटण्याची. तिसरी आणि चौथी खूण खोडली आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा लिहायला लागले. माझ्यासाठी सीमा दोन आहे. दुसऱ्या कोणाची तीन असेल, एक असेल. ज्याने त्याने शोधायची.

खुणेत ‘कुठे’ आणि ‘कोण थांबतं’ एवढंच. ‘कसं’ लिहायचं नाही. ‘कसं’ हे लिहितानाच कळू द्यायचं.

२ ऑगस्ट

बाबांशी फोनवर टोकनचा, म्हणजे गाडीला पुढच्या टप्प्यात शिरायच्या परवान्याचा, विषय निघाला. त्यांच्या पहिल्या पोस्टिंगला एकेरी लाइनवर गोळ्याची पद्धत होती. दोन स्टेशनांमधल्या टप्प्याचा एक लोखंडी गोळा. यंत्रातून तो बाहेर निघायचा तर समोरच्या स्टेशनची संमती लागते, आणि एका वेळी एकच गोळा बाहेर येतो. तो वेताच्या कड्याला बांधलेल्या पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. गोळा हातात असल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात शिरायची नाही. धावत्या गाडीला कडं देताना पोर्टर हात उंच धरून उभा राहायचा, ड्रायव्हर वाकून दंड आत घालायचा.

मी लगेच चार्टवर तिसरी खूण सुरू केली: एक काळा गोळा. या प्रकरणात पुढे जायचा अधिकार कोणाच्या हातात आहे? वीस प्रकरणं तपासली. सोळांत गोळा तेजश्रीकडे. ती हो म्हणेल तर भेट, ती फोन करेल तर बोलणं. चार ठिकाणी कोणाकडेच नाही, आणि तरी मी दोघांना पुढे ढकललंय. ते चार प्रसंग खोटे वाटतात, वहिनींनीही त्यांतल्या तीन ठिकाणी ‘हे कसं काय झालं एकदम’ असं लिहून ठेवलंय.

गोळा दत्ताकडे एकदाही नाही. त्याने आजवर काहीही मागितलेलं नाही. पुढचं प्रकरण कुठे जाणार हे मला ठाऊक नाही, पण त्यात दत्ता काहीतरी मागणार.

३ ऑगस्ट

त्याने मागितलं. होडी विकायची नाही, तिने कारखान्यासाठी पैसे दिले तरी नाही; त्याऐवजी एक दिवस. कारखाना बंद ठेवून एक पूर्ण दिवस. तिने हो म्हटलेलं नाही. २,२०० शब्द.

१६ ऑगस्ट

साल पक्कं झालं. बाबांच्या पहिल्या प्रश्नानेच गोष्ट मागे ढकलली गेली होती. एकेरी लाइन हवी म्हणजे काही वर्षं आधीचा काळ. आता ठरवलं: २०१५ चा हिवाळा ते २०१६ चा मे. दुष्काळाचं वर्ष.

मग चार्टवर तिसरी रेषा आली, उजनीच्या पाण्याची. ११७ टीएमसीचं धरण, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त मृतसाठा. आमच्याकडे उन्हाळ्यात पेपरात पहिल्यांदा तोच आकडा बघतात: उजनी वजात गेली का, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी मृतसाठ्यात उतरलं का? त्या वर्षी गेली होती. पाणी उतरतं तसे काठ लांब सरकतात, होडी लावायची जागा चिखलात जाते, रोहित निघून जातात, दत्ताची कमाई थांबते. आणि त्याच वेळी पळसदेवचं बुडालेलं जुनं मंदिर पाण्याबाहेर येतं. आधी कळस, मग भिंती.

हिरव्या पेन्सिलीने ही उतरती रेषा काढली तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून राहिले. दोघांच्या रेषांपेक्षा तिचं उतरणं जास्त बोलकं होतं. दत्ता आजोबांच्या जमिनीबद्दल फक्त पाणी भरलेलं असताना बोललाय, दिसत नसताना. ती जमीन उघडी पडेल तेव्हा त्याचं काय होईल हा प्रश्न मी विचारलाच नव्हता, कारण लिहिताना माझ्या डोक्यात ऋतूच नव्हता.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन रेल्वे गेली, ती कुर्डुवाडीवरूनच. पहिल्या खेपेला दहा वाघिणी (टाकीचे डबे), पाच लाख लिटर, १२ एप्रिलला लातुरात. केमहून कुर्डुवाडी जवळच. तेजश्री ती गाडी बघायला जाईल का? पेन्सिलीने खूण केली. खोडावी लागली तर खोडेन.

५ सप्टेंबर

तीन आठवडे नवं काही लिहिलेलं नाही. चार्ट मात्र फार देखणा झालाय. शाईच्या रेषा दोनदा गिरवल्या, स्टेशनांची नावं टाकानं लिहिली, प्रत्येक पात्राला रंगखूण. दत्ताच्या आईची रेषा, चुलतभावाची रेषा, कारखान्यातल्या बायकांची. एकूण नऊ रेषा, आणि आता त्या जाळ्यात लाल-निळी शोधावी लागते.

हे थांबवणं आवश्यक होतं. सहा रेषा पांढऱ्या रंगाने झाकल्या. यापुढे चार्टला दिवसाला पंधरा मिनिटं, तीही लिहून झाल्यावर, घड्याळ लावून. प्रेमकथेच्या चित्रात दोन माणसं आणि एखादी तिसरी गोष्ट, जी त्या दोघांच्या हातात नाही. माझ्या बाबतीत पाणी. त्यापलीकडचं सगळं पत्त्यांवर राहू दे.

६ ते २४ सप्टेंबर

१६,००० शब्द. चार्टवर फक्त रोजचा ठिपका. बाकी लिहिण्यासारखं काही नाही, काम चालू आहे.

२७ सप्टेंबर

ती आली. तेजश्री भिगवणला आली, तिच्या मर्जीने, कारखाना बंद ठेवून, कोणाला न सांगता. लाल रेषा पहिल्यांदा वरच्या कडेवरून निघून तळापर्यंत उतरली. मला ही भेट जेऊरला होईल असं वाटलं होतं, पेन्सिलीची खूण तशीच होती. खोडली.

या प्रकरणातला एक तुकडा जसाच्या तसा उतरवून ठेवते. पळसदेवच्या मंदिरापाशी, भेगाळलेल्या गाळावर, ती पर्समधून हळदीची पुडी काढते. दत्ताच्या आईने मागितलेली. दत्ताच्या हाताला होडी दुरुस्त करताना चुना लागलेला आहे. ती पुडी त्याच्या हातात देते, थोडी हळद सांडते, आणि त्याच्या तळव्यावर जिथे चुना ओला आहे तिथे पिवळ्याचं लाल होतं. तिला हा रंग जन्मापासून ठाऊक आहे, तिच्या घराचा धंदाच तो. पण दुसऱ्या कोणाच्या हातावर तो उमटताना तिने कधी पाहिलेला नाही. दोघं काही बोलत नाहीत.

हे मी कुठल्याच कागदावर आधी खुणावलं नव्हतं.

१९ ऑक्टोबर, सोलापूर

पहिला खर्डा पुरा. ४१ प्रकरणं, ६८,००० शब्द. चार कागद एकाला एक जोडलेला चार्ट गुंडाळून बाबांकडे आणला.

त्यांनी जेवणाच्या टेबलावर तो पसरला, चारही कोपऱ्यांवर पेले ठेवले आणि चष्मा लावून डावीकडून सुरुवात केली. कादंबरी त्यांनी वाचलेली नाही. पहिल्या प्रकरणावर बोट ठेवून म्हणाले, “जेऊर, चाळीस मिनिटं.” खाली मी कारण लिहिलेलं होतं: समोरून मालगाडी. त्यांनी मान हलवली. मग बोट निळ्या रेषेवरून सरकत गेलं, लाल रेषेवर आलं, पाण्याच्या हिरव्या रेषेपाशी थोडं रेंगाळलं. सदतिसाव्या प्रकरणावर येऊन थांबलं.

“हे चुकलंय.”

लाल आणि निळी रेषा जेऊर आणि भाळवणीच्या मधे एकमेकींना छेदत होत्या. दोन्ही तिरक्या, दोन्ही वेगात.

“इथे स्टेशन नाही. लूप नाही. दोन गाड्या एकाच टप्प्यात समोरासमोर. गोळा कोणाकडे होता?”

मी बघितलं. काळा गोळा नव्हताच काढलेला. त्या प्रकरणात दोघंही न विचारता निघालेत. ती कर्जाचा निर्णय त्याला न सांगता घेऊन आलीय, तो जमीन विकून तिच्याकडे निघालाय, आणि रस्त्यावर भर उन्हात दोघं एकमेकांना जे बोलतात त्यानंतर दोन महिने बोलणं नाही.

“चुकलं नाही बाबा,” मी म्हटलं. “अपघातच आहे तिथे.”

त्यांनी चष्मा वर सरकवला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. “मग पुढे?”

“पुढे जेऊर.”

चाळिसाव्या प्रकरणात निळी रेषा खालून येते. लाल रेषा जेऊरला आडवी झालेली, लांबलचक आडवी, फलाटावर. तिच्याखालची कारणाची जागा मी कोरी ठेवली होती. बाबांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, टोक बोटावर तपासलं, पट्टी मागितली नाही, आणि त्या कोऱ्या जागेत त्यांच्या जुन्या बारीक अक्षरात लिहिलं: क्रॉसिंगसाठी उभी.